स्तोत्र ११९

स्तोत्र ११९ हे हिब्रू बायबलमधील, म्हणजेच ख्रिस्ती बायबलच्या जुन्या करारातील, स्तोत्रसंहिता या ग्रंथातील एकशे एकोणिसावे स्तोत्र होय. १७६ ओव्यांचे हे स्तोत्र स्तोत्रसंहितेतील सर्वांत दीर्घ स्तोत्र असून संपूर्ण बायबलमधील सर्वांत मोठा अध्यायही तेच आहे. ग्रीक सप्तती भाषांतर आणि लॅटिन व्हल्गेट यांच्या क्रमांकनात ते ११८वे येते. त्यामुळे जुन्या कॅथलिक व ऑर्थोडॉक्स ग्रंथांत त्याचा उल्लेख त्या क्रमांकाने आढळतो. देवाचे नियमशास्त्र व वचन यांविषयीचे प्रेम हा या स्तोत्राचा विषय आहे. शास्त्रवचनाचे मोल भक्ताच्या जीवनात किती असावे, हे सांगताना यहुदी आणि ख्रिस्ती परंपरा प्रथम याच स्तोत्राकडे वळतात. तथापि स्तोत्राचा कल ग्रंथाची थोरवी गाण्यापेक्षा वचन देणाऱ्याच्या विश्वासूपणाला धरून राहण्याकडे अधिक आहे, आणि ही गोष्ट सलग वाचन केल्याखेरीज सहसा ध्यानात येत नाही.

(बायबलमधील क्रमांकित वाक्याला मराठी ख्रिस्ती बोलण्यात ‘वचन’ही म्हणतात. प्रस्तुत स्तोत्रात ‘वचन’ हा शब्द देवाचा शब्द या अर्थाने सतत येत असल्यामुळे गोंधळ टाळण्यासाठी या लेखात ‘ओवी’ हा पर्याय वापरला आहे. मराठी काव्यातील ओवी छंदाशी त्याचा संबंध नाही.)

रचना

स्तोत्राची बांधणी वर्णमालेवर आधारलेली आहे. हिब्रू वर्णमालेत २२ अक्षरे आहेत. प्रत्येक अक्षराला आठ ओव्यांचे एक कडवे दिले असून त्या कडव्यातील आठही ओव्या त्याच अक्षराने सुरू होतात. पहिल्या कडव्यातील प्रत्येक ओवीचा आरंभ आलेफने, दुसऱ्यातील बेथने, याप्रमाणे शेवटच्या ताव अक्षरापर्यंत हा क्रम चालतो. बावीस गुणिले आठ म्हणून १७६. वर्णानुक्रमी रचना बायबलमध्ये अन्यत्रही आहेत. स्तोत्रे २५, ३४, १११, ११२ व १४५, नीतिसूत्रे या ग्रंथाच्या अखेरीस येणारे सद्गुणी स्त्रीचे वर्णन आणि विलापगीत या ग्रंथाचे पहिले चार अध्याय ही त्यांची उदाहरणे होत. परंतु एकेका अक्षराला आठ ओव्या देण्याचा पल्ला दुसऱ्या कोणत्याही रचनेने गाठलेला नाही.

हे बंधन कवीने केवळ पाळलेले नाही, तर त्याचा उपयोग करून घेतला आहे. नववे कडवे तेथ अक्षराचे आहे, आणि ‘चांगले’ या अर्थाचा ‘तोव’ हा हिब्रू शब्द त्याच अक्षराने सुरू होतो. या कडव्यातील आठपैकी पाच ओव्या त्याच शब्दाने किंवा त्याच्या रूपाने उघडतात. देवाने आपल्याशी चांगले केले, देव चांगला आहे, आपल्याला झालेली पीडा चांगली ठरली, अशी ती चढती मालिका आहे. सहावे अक्षर वाव हे हिब्रूमध्ये ‘आणि’ या अर्थाचे उभयान्वयी अव्यय म्हणून जोडले जाते. त्या कडव्यातील सर्व ओव्या ‘आणि’नेच सुरू होतात. भाषांतरात अर्थातच यातले काही उरत नाही. मराठी वाचकाच्या हाती येते ते एक लांब आणि काहीसे पुनरुक्त भासणारे काव्य. काही मराठी आवृत्त्यांत कडव्यांच्या माथ्यावर आलेफ, बेथ, गिमेल अशी अक्षरनावे छापलेली असतात. त्यांचा उद्देश न कळल्यास ती व्यक्तिनामे वाटण्याचा संभव असतो.

मृत समुद्राजवळील कुमरान येथील अकराव्या गुहेत १९५६ साली सापडलेल्या मोठ्या स्तोत्रगुंडाळीत हे स्तोत्र आढळते. त्या लेखनिकाने त्याची प्रत्येक ओवी स्वतंत्र ओळीवर लिहिली आहे, जेणेकरून अक्षरांची मांडणी डोळ्यांना दिसावी. ही रचना केवळ कानासाठी नव्हती, एवढे त्यावरून समजते. तीमागील हेतूविषयी दोन मते आहेत. पाठांतराला सोय व्हावी हे एक, आणि ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत म्हणावे तशी परिपूर्णता सुचवावी हे दुसरे. दोन्ही एकाच वेळी खरी असण्यास हरकत नाही. मुळाक्षरे घोकून शिकलेल्या कोणालाही हे पटेल.

आठ शब्द

देवाच्या शिकवणीसाठी स्तोत्रात आठ हिब्रू शब्द आलटून पालटून येतात. ‘तोरा’ हा त्यांतील प्रमुख शब्द असून तो २५ वेळा आला आहे. त्याचे भाषांतर ‘नियमशास्त्र’ असे केले जाते. मूळ अर्थ मात्र शिकवण किंवा मार्गदर्शन असा अधिक व्यापक आहे. ‘दाबार’ म्हणजे शब्द किंवा वचन, तर ‘इम्रा’ म्हणजे उच्चारलेले वचन. त्यात अभिवचनाची छटा आहे. ‘मिस्वा’ ही आज्ञा. ‘हुक्कीम’ म्हणजे कोरून ठेवलेले, म्हणून कायमचे, नियम. ‘मिश्पात’ हा न्यायाधीशाचा निर्णय. ‘एदूत’ म्हणजे साक्ष. ‘पिक्कुदीम’ म्हणजे सोपवून दिलेले विधी. हा शेवटचा शब्द हिब्रू बायबलमध्ये केवळ स्तोत्रसंहितेतच आढळतो, आणि त्यातही बहुतेक वेळा, म्हणजे २१ वेळा, याच स्तोत्रात.

मराठी भाषांतरांत नियमशास्त्र, वचन, आज्ञा, नियम, निर्णय, निर्बंध, विधी असे प्रतिशब्द योजलेले दिसतात. हे शब्द कायद्याच्या कचेरीतले वाटतात आणि त्यामुळे स्तोत्राचा सूर मराठीत मुळापेक्षा कोरडा होतो, असे म्हणावे लागते. हिब्रू कवीने त्यांच्याशी जोडलेली क्रियापदे मात्र कचेरीतली नाहीत. तो या नियमांवर प्रेम करतो, त्यांची उत्कंठा धरतो, त्यांत रमतो, ते अंतःकरणात जपून ठेवतो, प्रवासातल्या मुक्कामी त्यांची गाणी करतो. मधापेक्षा ती गोड आहेत (ओवी १०३), सोन्यारुप्याच्या राशींपेक्षा मोलाची आहेत (ओवी ७२) आणि पावलापुरता उजेड देणारा दिवा आहेत (ओवी १०५), या त्याच्या उपमा ख्रिस्ती घरांत म्हणींसारख्या रुळल्या आहेत.

आणखी एक बाब अभ्यासकांनी नोंदवली आहे. एवढ्या दीर्घ स्तोत्रात ‘पुस्तक’ हा शब्द एकदाही येत नाही. मोशे, सीनाय पर्वत, मंदिर, यज्ञबली यांचाही उल्लेख नाही. वचन वाचले जाते, असे कवी कुठेच म्हणत नाही. ते तो देवाकडून शिकवून मागतो, मनात ठेवतो आणि रात्रीच्या प्रहरी त्याचे मनन करतो. मननासाठी येणारे हिब्रू क्रियापद स्वतःशी पुटपुटणे, एखादी गोष्ट घोळवत बोलणे असा अर्थ देते. ग्रंथ हातात नसतानाही चालू राहणारी ही क्रिया आहे.

वचन आणि विश्वासूपणा

जवळपास प्रत्येक ओवीत वरील आठांपैकी एखादा शब्द असतोच. ज्या थोड्या ओव्यांत तो नाही, त्यांची संख्या गणनेच्या पद्धतीनुसार बदलते; काही यहुदी गणनांत ‘मार्ग’ यांसारखे शब्दही या मालिकेत धरले जातात. त्या ओव्यांपैकी दोन विशेष लक्षणीय आहेत.

पहिली ओवी ९०. तिच्या आधीच्या ओवीत देवाचे वचन आकाशात कायमचे स्थिर आहे असे म्हटले आहे. पुढील ओवीत तोच विचार चालू राहतो, पण ‘वचन’ या शब्दाची जागा ‘एमुना’ हा शब्द घेतो. पिढ्यानपिढ्या टिकते ते आता देवाचे वचन नसून देवाची एमुना आहे, आणि पृथ्वी त्याने स्थापल्यामुळे टिकून आहे. ‘एमुना’ म्हणजे विश्वासूपणा, भरवसा ठेवता येईल अशी स्थिरता. तो ज्या धातूपासून आला त्याच धातूपासून ‘आमेन’ हा शब्द आला आहे. सत्य या अर्थाचा ‘एमेत’ हा शब्दही त्याच कुळातला. म्हणून जुन्या मराठी भाषांतरांत अनेक ठिकाणी ‘एमुना’साठी ‘सत्यता’ हा शब्द वापरलेला आढळतो. तो चुकीचा नाही. परंतु आजच्या मराठीत सत्यता ही विधानाची असते आणि विश्वासूपणा व्यक्तीचा असतो. कवीला अभिप्रेत आहे ती व्यक्ती. देवाच्या वचनाला तो मोल देतो, कारण ते वचन देणारा ते मोडत नाही.

दुसरी ओवी १२२. येथे आठ शब्दांपैकी एकही नाही, आणि हिब्रू पाठ जतन करणाऱ्या मासोरा परंपरेनेही तिचे हे वेगळेपण टिपले आहे. गर्विष्ठांनी आपल्याला गांजू नये म्हणून देवाने आपल्या सेवकासाठी जामीन व्हावे, अशी या ओवीत विनंती आहे. मूळ क्रियापद देवघेवीच्या व्यवहारातील आहे. कर्ज काढणाऱ्याकडे गहाण ठेवण्यास काही नसले की दुसरा कोणी पतदार माणूस त्याच्यासाठी उभा राहतो, तो जामीन. हेच क्रियापद ईयोबाच्या ग्रंथात आणि यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात हिज्कीया राजाच्या आजारपणातील प्रार्थनेत येते. दोन्ही ठिकाणी बोलणारा मरणाच्या दारात आहे. नियम पाळल्याचा हिशेब मांडणाऱ्या स्तोत्रात, ज्या ओवीत नियमाचा उल्लेखच नाही त्या ओवीत, कवी देवालाच जामीन राहण्याची विनवणी करतो. स्वतःच्या आज्ञापालनावर त्याचा शेवटचा भरवसा नाही, हे यावरून उघड होते. ख्रिस्ती भाष्यकारांनी येथे ख्रिस्ताकडे निर्देश पाहिला. नव्या करारातील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात येशूला अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटले आहे, हा त्यांचा आधार. यहुदी वाचनात असा निर्देश अर्थातच मानला जात नाही.

‘एमुना’ हा शब्द स्तोत्रात पाच वेळा (ओव्या ३०, ७५, ८६, ९० व १३८) येतो, तर ‘हेसेद’ हा करारनिष्ठ प्रेमाचा वाचक शब्द सात वेळा. कवी जीवदान मागतो ते अनेकदा या हेसेदच्या आधारावर, स्वतःच्या पुण्याईवर नव्हे. पहिल्या तीन ओव्या देवाविषयी तृतीय पुरुषात बोलतात. चौथ्या ओवीपासून मात्र कवी ‘तू’ म्हणू लागतो आणि जवळजवळ अखेरपर्यंत देवाशीच बोलत राहतो. ओवी ११५ मध्ये तो क्षणभर दुष्कर्म्यांकडे वळून त्यांना दूर होण्यास सांगतो, तेवढाच अपवाद. म्हणून हे स्तोत्र नियमशास्त्राची स्तुती आहे या प्रचलित वर्णनापेक्षा ती एक दीर्घ प्रार्थना आहे असे म्हणणे अधिक योग्य.

दुःखाचा संदर्भ

सुविचारांच्या फलकांवर आणि कॅलेंडरांवर या स्तोत्रातील सुट्या ओव्या झळकतात, त्यामुळे ते निवांत मनाने रचलेले असावे असा समज होतो. प्रत्यक्षात कवी संकटात आहे. अधिकारी मंडळी त्याच्याविरुद्ध बसून बोलतात (ओवी २३), सरदार विनाकारण त्याचा छळ करतात (ओवी १६१), त्याला फासे लावले आहेत (ओवी ११०), त्याचा जीव धुळीस चिकटला आहे (ओवी २५). तो स्वतःला पृथ्वीवरील परका म्हणवतो (ओवी १९) आणि क्षुद्र व तुच्छ लेखलेला म्हणवतो (ओवी १४१).

सर्वांत खोल उतार काफ अक्षराच्या अकराव्या कडव्यात (ओव्या ८१ ते ८८) येतो. वचनाची वाट पाहून डोळे थकले; सांत्वन कधी करशील, आपल्या सेवकाचे दिवस उरलेत किती, असे तो देवाला विचारतो. येथेच धुरात टांगलेल्या बुधल्याची उपमा आहे. कातड्याचा बुधला चुलीच्या धुरात राहिला की आक्रसतो, काळवंडतो, त्याला भेगा पडतात. तो मग पाणी धरीत नाही. घरात चूल आणि कातड्याची भांडी असण्याच्या काळात या उपमेला स्पष्टीकरण लागत नसे. हे कडवे ओवी ८८ ला संपते, आणि १७६ चा नेमका मध्य तोच आहे. पुढची ओवी, लामेध कडव्याची पहिली, म्हणजे वचन आकाशात स्थिर असल्याचे ते विधान. मध्यभागी उतार संपून चढ लागतो. हा बदल कवीच्या परिस्थितीतील नव्हे. त्याचे शत्रू ओवी ९५ मध्येही टपून बसलेलेच आहेत. बदलली आहे ती नजर. धुरकटलेल्या बुधल्यावरून ती आकाशाकडे आणि पृथ्वीच्या पायाकडे गेली आहे.

ओवी ७५ हे स्तोत्रातील सर्वांत अवघड स्थळ म्हणावे लागेल. देवाने आपल्याला पीडा दिली ती विश्वासूपणानेच दिली, असे कवी येथे म्हणतो. ओव्या ६७ व ७१ मध्येही पीडेने आपल्याला वळण लावले अशी कबुली आहे. या ओव्यांचा उपयोग दुःखी माणसाला गप्प करण्यासाठी झाल्याची उदाहरणे प्रवचनांत आणि सांत्वनाच्या भेटींत कमी नाहीत. म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवणे इष्ट. कवी हे प्रथमपुरुषी बोलतो. दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ तो लावत नाही. आणि लगेच पुढच्याच ओवीत तो सांत्वन मागतो. पीडेत देवाचा विश्वासूपणा ओळखणे आणि त्या पीडेतून सुटका मागणे यांत त्याला विसंगती वाटत नाही. छळणाऱ्यांच्या कृत्यांना तर तो कुठेही देवाची देणगी म्हणत नाही. ते अन्यायाने छळतात आणि देवाने त्यांना आवरावे, असेच त्याचे म्हणणे आहे.

कर्ता व काळ

स्तोत्राला शीर्षटीप नाही आणि कर्त्याचे नाव दिलेले नाही. परंपरेने ते दाविदाचे मानले जाते. आधुनिक अभ्यासक भाषा व विचार यांवरून ते बहुधा बाबिलोनच्या बंदिवासानंतरच्या काळातील समजतात. कवी तरुण होता की वृद्ध, याचीही चर्चा झाली आहे. तरुणाने आपला मार्ग शुद्ध कसा राखावा या ओवी ९ मधील प्रश्नावरून निश्चित काही ठरत नाही.

यहुदी व ख्रिस्ती परंपरेतील स्थान

तालमूदमध्ये या स्तोत्राच्या आठपदरी वर्णानुक्रमाचा उल्लेख आहे. मृत व्यक्तीच्या स्मरणार्थ तिच्या नावातील अक्षरांची कडवी म्हणण्याची प्रथा यहुदी समाजात रूढ आहे. नावाच्या अक्षरांतून वचनाचा हार गुंफावा, तसे हे असते.

पाश्चात्त्य ख्रिस्ती मठजीवनात स्तोत्राला ठरलेले स्थान होते. संत बेनेडिक्ट यांच्या सहाव्या शतकातील नियमावलीत हे स्तोत्र रविवार व सोमवारच्या प्रार्थनांत वाटून दिले आहे. रविवारी पहाटेनंतरच्या प्रार्थनेत चार कडवी, पुढील तीन प्रार्थनांत तीन तीन, आणि उरलेली नऊ सोमवारी. दिवसातून सात वेळा स्तुती (ओवी १६४) आणि मध्यरात्री उठणे (ओवी ६२) या दोन ओव्यांवर त्या मठांची सारी दिनचर्या बेतलेली होती. ऑर्थोडॉक्स मंडळीत हे स्तोत्र अंत्यविधीत आणि पवित्र शनिवारच्या उपासनेत गायिले जाते.

भाष्यांची परंपराही मोठी आहे. चौथ्या शतकातील मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी बावीस कडव्यांवर बावीस प्रवचने लिहिली. संत ऑगस्टीन यांनी सर्व स्तोत्रांवर भाष्य केले, पण हे एक स्तोत्र दीर्घकाळ मागे ठेवले. ते जितके उघड दिसते तितकेच खोल वाटते, अशी त्यांची अडचण होती. अखेर त्यांनी त्यावर ३२ प्रवचने रचली. सतराव्या शतकातील इंग्रज प्युरिटन धर्मोपदेशक थॉमस मँटन यांची याच स्तोत्रावरील प्रवचने १९० भरतात. ओव्या १७६ आणि प्रवचने १९०, हे प्रमाण वाचकाला थबकवणारे आहे.

मार्टिन ल्यूथर यांनी १५३९ साली आपल्या जर्मन लेखनाच्या संग्रहाला लिहिलेल्या प्रस्तावनेत या स्तोत्रावरून शास्त्राभ्यासाची तीन अंगे सांगितली: प्रार्थना, मनन आणि कसोटी. पहिली दोन अपेक्षित आहेत. तिसरे अंग ल्यूथर यांचे वैशिष्ट्य होय. शत्रू, छळ आणि मनाची तडफड यांविषयी कवी वारंवार तक्रार करतो. त्या कसोटीतच वचन किती खरे आणि किती गोड आहे हे केवळ समजत नाही तर अनुभवाला येते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बॉनहॉफर यांनी १९३९–४० च्या सुमारास या स्तोत्रावर चिंतन लिहावयास घेतले. ते एकविसाव्या ओवीपाशी थांबले आहे. बॉनहॉफर यांना ९ एप्रिल १९४५ रोजी नाझी राजवटीने फाशी दिले.

म्युलर आणि पंडिता रमाबाई

देवाच्या विश्वासूपणावर भरवसा ठेवणे ही गोष्ट अनेकदा प्रवचनापुरती राहते. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज म्युलर यांनी ती हिशेबाच्या वहीत आणली. जन्माने प्रशियन असलेल्या म्युलर यांनी १८३६ पासून इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे अनाथालये चालवली. कोणाकडेही पैसे मागावयाचे नाहीत, केवळ देवाकडे मागावयाचे, असा त्यांचा नेम होता. आणि आलेल्या प्रत्येक देणगीची नोंद ते प्रसिद्ध करीत. फेब्रुवारी १८७० मध्ये त्यांच्या पत्नी मेरी यांचे निधन झाले. अंत्यविधीच्या प्रवचनासाठी म्युलर यांनी याच स्तोत्राच्या तेथ कडव्यातील ओवी ६८ निवडली, जिच्यात देव चांगला आहे आणि चांगलेच करतो असे म्हटले आहे. देवाने तिला दिले, इतकी वर्षे ठेवले आणि नेले, या तिन्हींत तो चांगला होता, अशी त्या प्रवचनाची मांडणी होती. तिसरा मुद्दा उच्चारताना त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना वाचकाने करावी.

म्युलर यांचे आत्मवृत्त वाचणाऱ्यांत पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) होत्या. म्युलर, चीनमधील मिशनरी हडसन टेलर आणि जॉन पेटन यांच्या चरित्रांनी देवावर विसंबून कार्य करता येईल का हा प्रश्न आपल्या मनात उभा केला, असे त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांनी उभारलेल्या मुक्ती मिशनने दुष्काळग्रस्त स्त्रिया व मुलींना आश्रय दिला. त्याच ठिकाणी त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. मराठीत बायबल तेव्हा उपलब्ध होतेच. श्रीरामपूरच्या विल्यम केरी यांच्यापासून आणि पुढे मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनपासून ती परंपरा चालत आली होती. रमाबाईंना मात्र संस्कृतप्रचुर मराठी ग्रामीण स्त्रियांच्या आकलनापलीकडची वाटे. संस्कृत पांडित्यासाठी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळवलेल्या विदुषीने हे म्हणावे, यात त्या मताचे वजन आहे. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून भाषांतर केले. १९२१ साली त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली. भाषांतराचे काम तरीही थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचा मृत्यू होईपर्यंतच्या अखेरच्या दिवसांत ते पुरे होत होते. संपूर्ण बायबल त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. एका माणसाने, त्यातही स्त्रीने, संपूर्ण बायबल मूळ भाषांतून उतरवण्याचे हे उदाहरण विरळा आहे. शास्त्रवचनाचे मोल म्हणजे काय, हे सांगताना मराठी ख्रिस्ती समाज त्याचा दाखला देतो तो उगाच नव्हे.

महाराष्ट्रात या स्तोत्राचे मूळ हिब्रू रूप जाणणारा आणखी एक समाज आहे, कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल यहुद्यांचा. एकोणिसाव्या शतकात मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांनी या समाजासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. त्यामुळे आलेफ-बेथची मुळाक्षरे मराठीच्या माध्यमातून शिकणारे वाचक येथे निर्माण झाले.

टीका

या स्तोत्रावर कठोर टीकाही झाली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन भाष्यकार बर्नहार्ड डूम यांनी ते आशयशून्य ठरवले. पुनरुक्ती, सांकेतिकता आणि कृत्रिम बांधणी हे त्यावरील नेहमीचे आक्षेप होत. पुढील काळात काही ख्रिस्ती अभ्यासकांना त्यात नियमांच्या कर्मठपणाची बीजे दिसली. ख्रिस्ती वाचकापुढे खरोखरच एक प्रश्न उभा राहतो. नियमशास्त्राने कोणी नीतिमान ठरत नाही, असे प्रेषित पौल सांगतो. मग नियमशास्त्रावर इतके प्रेम करणारे स्तोत्र त्याने कसे म्हणावे? बहुतेक ख्रिस्ती परंपरांनी ‘तोरा’चा अर्थ व्यापक शिकवण असा घेऊन आणि योहानाच्या शुभवर्तमानातील देहधारी ‘शब्दा’शी त्याचा संबंध जोडून हा प्रश्न सोडवला आहे. हा तोडगा सोयीचा असला तरी कवीची स्वतःची साक्ष अधिक उपयोगी पडते. नियम पाळल्याचे तो ठासून सांगतो, आपल्या सर्व शिक्षकांहून आपण अधिक समंजस आहोत असे म्हणण्याइतका धीटही आहे (ओवी ९९, ही ओवी शिक्षकांच्या मेळाव्यात सहसा वाचली जात नाही). पण स्तोत्राचा शेवट त्याने वेगळाच केला आहे.

ताव या अंतिम अक्षराचे कडवे आरोळी आणि विनवणीने उघडते, मधे ओठांवर स्तुती येते, आणि मग शेवटची १७६वी ओवी. नियमाच्या मार्गाने चालणारे निर्दोष लोक धन्य, असा स्तोत्राचा आरंभ होता. वर्णमाला संपताना कवी स्वतःला भटकलेले, हरवलेले मेंढरू म्हणतो. त्याच ओवीत आपण आज्ञा विसरलो नसल्याचेही तो सांगतो. आज्ञा पाठ असलेले हे मेंढरू स्वतः वाट शोधून परत येण्याची भाषा करत नाही. धन्याने आपल्या सेवकाला शोधावे, एवढीच त्याची मागणी आहे.